नावं ठेवायला माणूस पाहिजे

जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, ‘भाज्यांना नावं ठेवायला माणूस पाहिजे. अनुभवाची अट नाही.’ मी लगेच फोन केला. अनुभव माझ्याकडे भरपूर होता. आमच्या घरात जेवताना सगळेच भाजीला नावं ठेवतात, आणि त्यात मी लहानपणापासून पुढे.

पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी मला पॅकिंगच्या शेडमध्ये एका टेबलाशी उभं केलं, समोर भोपळे, गाजरं, वांगी आणि सफरचंदांचे क्रेट ठेवले, ‘कर सुरुवात’ म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी सुरुवात केली. ‘हा काय भोपळा आहे? बसकट मेला. कोणीतरी उशी म्हणून वापरलाय.’ बाजूला ठेवला. ‘हे गाजर बघा. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, लाज नाही वाटत?’ बाजूला ठेवलं. दुपारपर्यंत तीन क्रेट उरकले. घसा बसला. शेजारच्या टेबलावर पेट्या भरणाऱ्या मावशी मधूनमधून काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, कौतुकानं.

मालकीणबाई परत आल्या तेव्हा मी एका सफरचंदाच्या खानदानापर्यंत पोचलो होतो.

‘हे काय चाललंय?’

‘नावं ठेवतोय, मॅडम.’

‘अरे, नावं म्हणजे नावं! ढोल्या, ठमी, रावसाहेब! माणसांना असतात तशी!’

मावशी खाली बसून हसल्या. त्यांना उठवायला दोघं लागले.

कामाचं स्वरूप मग मला नीट समजावून सांगण्यात आलं. दुकानदार जी फळं आणि भाज्या वाकड्या, डागाळलेल्या, जुळ्या किंवा नुसत्याच विचित्र म्हणून घेत नाहीत, त्या आमची कंपनी घ्यायची आणि पुठ्ठ्याच्या पेटीत भरून दर आठवड्याला लोकांच्या घरी पोचवायची. प्रत्येक पेटीतल्या सर्वांत विद्रूप नगाच्या गळ्यात सुतळीनं एक चिठ्ठी बांधायची आणि चिठ्ठीवर त्याचं नाव. मालकीणबाई म्हणायच्या, ‘नाव दिलं की वस्तू घरची होते. घरचं कोणी वाकडं आहे म्हणून परत करत नाही.’ हे त्या फार मनापासून म्हणायच्या. त्यांना दोन मुलगे होते, आणि दोघांनाही मी पाहिलं होतं.

तर मी नावं ठेवायला लागलो. तीन महिन्यांच्या बोलीवर. तीन महिने नीट गेले तर कायम, नाही गेले तर दाजींचं दुकान.

दाजींच्या दुकानाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्या काळात मला झोपेत तेच दिसायचं. मी ताईकडे राहायचो, बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर. ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं, बाथरूमच्या सामानाचं मोठं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकांना कमोडची उंची कळावी म्हणून त्यावर बसून दाखवायला त्यांना माणूस हवा होता.

‘पूर्ण कपड्यांत,’ दाजी म्हणाले होते. ‘गैरसमज नको.’

‘दुकानाच्या आत ना?’

‘आतच. काचेपाशी. रस्त्याकडे तोंड करून.’

‘बसून पगार मिळतोय,’ ताई म्हणाली. ‘लोकांना उभं राहूनसुद्धा मिळत नाही.’

दाजी वाईट माणूस नव्हते. ते माझ्या सोफ्याकडे बघायचे, मग माझ्या गुडघ्यांकडे बघायचे आणि मनातल्या मनात माप घ्यायचे, एवढंच.

तिसऱ्या महिन्याचा शेवटचा आठवडा सुरू झाला. मी कोणतीही चूक न करता गाजरांना नावं ठेवत होतो. आणि मालकीणबाईंचा फोन वाजला. त्यांचे हात चिकट होते म्हणून त्यांनी तो टेबलावरच ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा चालू केला.

‘नाकू कोणी ठेवलं?’ फोनमधला माणूस ओरडला.

मला वांगं आठवलं. जांभळं, पोट सुटलेलं आणि बरोबर मध्यभागी एक लांब, टोकाला किंचित वळलेलं नाक. त्याला नाकू म्हणायला काही प्रतिभा लागत नाही. मी ते नाव बहुतेक जांभई देता देता ठेवलं होतं.

‘आवडलं नाही का नाव?’ मालकीणबाईंनी गोड आवाजात विचारलं.

‘हे त्यानंच केलंय! तुमच्याकडे कामाला लागलाय ना तो?’

‘कोण?’

‘ज्याचं नाव मी घेत नाही, तो!’

‘पण म्हणजे कोण?’

‘घेत नाही म्हणतोय ना, बाई! मी इथल्या सोसायटीचा अध्यक्ष आहे. आज संध्याकाळपर्यंत तो नाकू माझ्या घरातून गेला नाही, तर उद्यापासून अख्ख्या इमारतीच्या पेट्या बंद!’

फोन बंद झाला. मावशींनी हळूच सांगितलं, ‘त्या इमारतीत चाळीसेक पेट्या जातात.’ मालकीणबाईंनी हात पुसले, बोटं एकेक करून पुसली, आणि माझ्याकडे बघितलं.

‘तूच ठेवलंस. तूच काढून ये.’

‘नाव काढू की वांगं?’

‘जे निघेल ते. आणि नाही निघालं, तर परत यायचे कष्ट घेऊ नकोस.’

बसमध्ये जागा मिळाली. मी बसलो. पाठ ताठ, गुडघे जुळवलेले, हात मांड्यांवर, चेहरा रस्त्याकडे. दोन थांबे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी सराव करतोय. मग उरलेला रस्ता उभ्यानं गेलो.

इमारतीच्या तळाला एक फोटो फ्रेमचं दुकान होतं. जुनं, स्वच्छ, आत कोणी नाही. वरच्या बोर्डावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘उत्तम फ्रेमवाले आणि’. बस्स. ‘आणि’च्या पुढे पांढऱ्या रंगाचा एक चौकोन फासलेला होता. मी उगाच वळून रस्त्याच्या पलीकडे पाहिलं. बरोबर समोर दुसरं फ्रेमचं दुकान होतं, नवीन, बोर्डाभोवती दिवे. त्याचं नाव ‘मुलगा फ्रेम्स’.

म्हणजे शब्द कुठे हरवला नव्हता. रस्ता ओलांडून गेला होता. फोनवरचा ‘ज्याचं नाव मी घेत नाही, तो’ कोण असावा, याचा अंदाज आला. भाजीची तक्रार मला निस्तरता आली असती. हे काहीतरी वेगळंच होतं.

वर गेलो. घंटीवर बोट ठेवायच्या आत दार उघडलं. एक काकू.

‘वांग्याचे का तुम्ही?’

‘हो.’

‘हळू बोला. ते आत आहेत.’ त्यांनी मला मनगट धरून स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिज उघडला. दारातल्या अंड्यांच्या कप्प्यात, बरोबर दोन अंड्यांच्या मध्ये, नाकू ताठ उभा होता. चिठ्ठी गळ्यात तशीच. खाली घडी घातलेला रुमाल.

‘थंडी वाजू नये म्हणून,’ काकू म्हणाल्या आणि लाजल्या.

‘काकू, मला हे न्यायला सांगितलंय.’

‘माझ्या मुलाचं घरातलं नाव आहे हे,’ त्या म्हणाल्या. ‘नाकू. त्याचं नाकच तसं आहे. तीन वर्षांपूर्वी यांनी त्याचं नाव टाकलं. घरात काढायचं नाही म्हणजे नाही. मला एकदा सर्दी झाली, मी नाक चोंदलंय म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून मी ओठांच्या वर चोंदलंय म्हणते.’

‘बरं.’

‘आणि आता बघा. शनिवारपासून स्वतः ओरडतायत. नाकूला बाहेर काढ, नाकू फ्रिजमध्ये का उभाय, दूध मागितलं की नाकू का दिसतो. अहो, दिवसातून दहादा घेतात! माझे कान निवले. तुम्ही एक करा, हे नेऊ नका. आणि पुढच्या पेटीत अजून एक पाठवा. नाकू दोन.’

त्या घरात एकमेकांना हाक मारायच्या पद्धतीचा मी विचार केला. नवरा ‘अगं’, बायको ‘अहो’. नाव असलेला एकच माणूस होता, आणि त्याचं टाकलेलं.

‘काकू,’ मी म्हणालो, ‘हे नेलं नाही, तर मला कमोडवर बसावं लागेल.’

‘अगं बाई, पोट बिघडलंय का? उजव्या हाताला आहे, जा.’

मी समजावून सांगणार इतक्यात काका आले. उंच, इस्त्रीचा शर्ट, आणि खिशात पेन असतं तिथे गुण्या, सुतारांकडे असतो तो, काटकोन बघायचा. येता येता त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. मग फ्रिजवरची बरणी. मग माझी कॉलर.

‘तो कुठे भेटला तुला?’

‘कोण, काका?’

‘वांगं कोणाचं आहे?’

‘झाडाचं.’

‘चेष्टा करतोस?’

‘नाही, काका. क्रेटमध्ये आलं. नाक होतं, म्हणून नाकू. शपथ. मी तुमच्या मुलाला ओळखतसुद्धा नाही.’

‘मला मुलगा नाही.’

‘मग माझा आहे,’ काकू म्हणाल्या.

काकांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. ‘दहा वर्षं हाताखाली शिकवला. त्यानं केलेली एकेक फ्रेम मी सोडून पुन्हा जोडली, चुका दाखवल्या. आणि शेवटी काय, तर माझं नाक कापून समोर दुकान टाकलं! समोर! मागच्या गल्लीत टाकलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो!’

‘बोलला असतात. मागच्या गल्लीत का टाकलं म्हणून.’

‘अगं, तू गप्प बस.’

‘दहा वर्षं पोराला नावं ठेवलीत,’ काकू म्हणाल्या, ‘आणि शेवटी नावच टाकलंत. एकदा तरी म्हणालात का, बरी झालीय म्हणून? एका तरी फ्रेमला?’

काका माझ्याकडे वळले. ‘काप ते. इथे. माझ्यासमोर. मग तुझ्या पेट्या चालू.’

‘सुरी नाही,’ काकू म्हणाल्या.

‘कुठे गेली?’

‘लपवलीय.’

ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी घड्याळाकडे. शेवटी काकूंनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, सुरी काढली आणि माझ्या हातात दिली. ‘मी नाही कापायची. ज्यानं नाव ठेवलं त्यानं कापावं.’

मी नाकूला पाटावर आडवा ठेवला. चार दिवसांत तो जरा मऊ झाला होता, त्यामुळे चेहरा जास्तच सोशिक दिसत होता. मी चाळीस पेट्यांचा विचार केला. काचेचा विचार केला. दाजींचे शेजारी रोज संध्याकाळी त्या काचेवरून फिरायला जातात याचा विचार केला, आणि सुरी नाकाच्या मुळाशी टेकवली.

‘तिथून नको,’ काका म्हणाले.

‘मग कुठून?’

‘देठाकडून.’

‘देठाला चिठ्ठी आहे, काका.’

काकांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. ‘मग मागून काप.’

मी ते फिरवलं. वांग्याला मागची बाजू असते असं आपल्याला वाटतं. नसते. कसंही ठेवा, ते घरंगळतं आणि नाक वर येतं. मी दाबून धरलं तर ते नाकावर उभं राहिलं आणि हलायला लागलं. काकांच्या कपाळावर घाम आला. काकूंनी डोळे मिटले. मी सुरी उचलली.

‘राहू दे!’ काका ओरडले. मी दचकलो, सुरी खाली पडली, माझ्या पायापासून बोटभर अंतरावर. ‘राहू दे. ज्याचं आहे त्याला देऊन ये. समोर.’

‘दुकानात?’

‘मग काय रस्त्यात?’

‘थांबा, पिशवी देते,’ काकू एवढ्या घाईनं म्हणाल्या की दोन पिशव्या खाली पडल्या.

‘पिशवीत नको,’ काका म्हणाले, ‘दबेल.’ मग त्यांना स्वतःच्याच बोलण्याचा राग आला आणि त्यांनी कॅलेंडर पुन्हा सरळ केलं. ते सरळच होतं, आता वाकडं झालं.

‘काय सांगू त्यांना?’

‘सांग, मऊ पडायला लागलंय.’

‘वांगं?’

‘मग कोण, मी?’

मी दोन्ही हातांत वांगं धरून रस्ता ओलांडला. एका रिक्षावाल्यानं थांबून मला आधी जाऊ दिलं. हातातल्या वस्तूकडे बघून त्याला वाटलं असावं की माझ्या घरी काहीतरी झालंय.

मुलगा फ्रेम्समध्ये एक माणूस काच पुसत होता. तो वळला, आणि मला नाव विचारायची गरज उरली नाही. लांब, टोकाला किंचित वळलेलं. वांग्यानं न बघता एवढं हुबेहूब कसं काढलं होतं, कळत नाही.

मी वांगं काउंटरवर ठेवलं. त्यानं वांगं पाहिलं. चिठ्ठी वाचली. मग रस्त्यापलीकडे पाहिलं.

‘कोणी पाठवलं?’

‘समोरून.’

तो स्टुलावर बसला. ‘ही शिवी आहे का?’

‘भाजी आहे.’

‘काय म्हणाले?’

‘मऊ पडायला लागलंय.’

‘कोण?’

‘मीसुद्धा हेच विचारलं.’

‘मग?’

‘म्हणाले, वांगं.’

मी घसा खाकरला. म्हणालो की मी फक्त कंपनीतर्फे आलोय, माझा यात काही संबंध नाही, आणि नाव चुकून ठेवलं गेलंय. त्यानं ऐकलं नाही. त्यानं चिठ्ठीची गाठ सोडली, चिठ्ठी बोटानं सपाट केली. फ्रेमची एक लाकडी पट्टी घेतली, चार तुकडे कापले, काच कापली, मागे पुठ्ठा लावला. काहीही न मोजता, मान खाली घालून. थोड्या वेळानं माझ्या हातात एक छोटी फ्रेम होती. मध्यभागी माझ्या जांभई देणाऱ्या अक्षरात लिहिलेलं, ‘नाकू’. मागे टांगायला कडी.

‘हे द्या त्यांना,’ तो म्हणाला. ‘वांगं राहू दे.’

मी बाहेर आलो. दोन पावलं गेलो आणि फुटपाथच्या कडेला थांबलो, कारण आता मला हिशेब कळला. वांगं घरातून गेलं होतं. चिठ्ठीसुद्धा घरातून गेली होती. माझं काम झालं होतं! मी आत्ता बस पकडली तर नोकरी कायम. आणि ही फ्रेम वर नेली तर तेच नाव पुन्हा त्याच घरात जाणार, या वेळी काचेखाली, न सडणारं, भिंतीवर टांगता येईल असं. काका पेट्याच काय, शेडसुद्धा बंद करायला लावतील. शेजारीच कचऱ्याचा डबा होता. मोठा, झाकण उघडं, जवळजवळ आग्रहानं उघडं.

मी वर पाहिलं. काकू खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी हात केला नाही, काही नाही. फक्त नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

मी स्वतःला बऱ्याच शिव्या दिल्या आणि पुढे गेलो.

काका खाली दुकानात येऊन बसले होते, काउंटरवरच्या वस्तू एका रेषेत लावत. मी फ्रेम समोर ठेवली आणि डोळे बारीक करून मागे सरकलो. त्यांनी नाव वाचलं. चेहरा हलला नाही. मग खिशातून गुण्या काढला आणि फ्रेमच्या कोपऱ्याला लावला.

‘हे बघ.’

मी बघितलं. कोपरा होता.

‘फट आहे.’

‘दिसत नाही, काका.’

त्यांनी स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटला. त्यांच्याकडे फार नव्हते. तो केस त्यांनी कोपऱ्यातल्या सांध्यात सरकवला. केस आत गेला.

‘गेला!’ काका म्हणाले. असा आनंद मी फक्त लॉटरी लागलेल्या माणसाच्या तोंडावर पाहिलाय. ‘पंचेचाळीस अंशांचा काप नाहीच हा. हात उचलून कापलाय. कायम घाई! आणि ही पट्टी बघ, रेषा कुठून कुठे जातेय. काचेला बोट लागलंय. कडी एक सूत डावीकडे. आणि मागचा पुठ्ठा, हे काय पुठ्ठा लावणं झालं? उंदरानं बसवलाय का?’

ते बोलत सुटले. गालांवर रंग आला. मी अदबीनं ऐकत उभा राहिलो. पहिल्या दिवशी मीसुद्धा भोपळ्यासमोर असाच उभा होतो, पण माझ्यात हे वजन नव्हतं. हा माणूस आयुष्यभर हेच करत आला होता, आणि तीन वर्षं त्याला समोर काही मिळालं नव्हतं.

‘जा, सांग त्याला.’

‘काय?’

‘फट आहे म्हणून!’

मी गेलो. नाकू, म्हणजे माणूस, दारातच उभा होता.

‘फट आहे म्हणतायत.’

‘कुठे फट? हवेनं लाकूड फुगलं असेल, सांगा त्यांना.’

परत आलो. ‘हवेनं फुगलंय म्हणे.’

‘फुगलं तर फट बुजेल की उघडेल? विचार त्याला!’

पुन्हा गेलो. पुन्हा आलो. करवत नवीन आहे. करवत नवीन म्हणून हात नवीन होतो का? तुमची जुनी करवत मला दिली कुठे होतीत? मागितली होतीस का? एकदा एका स्कूटरवाल्यानं मला शिवी दिली. पुढच्या फेरीला त्यानंच विचारलं, ‘काय झालं मग, करवतीचं?’ तो गाडी बाजूला लावून थांबला होता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती. संध्याकाळ झाली, मालकीणबाई शेड बंद करतील, आणि काकांनी पेट्यांबद्दल अजून एक अक्षर काढलेलं नाही. त्या धांदलीत मी समोर जाऊन सांगितलं, ‘काप चाळीसचा हवा म्हणतायत.’

‘चाळीसचा?’ नाकू रस्त्यापलीकडे ओरडला. ‘चाळीसचा काप कुठल्या देशात असतो?’

‘पंचेचाळीस!’ काका दुकानातून ओरडले. ‘गाढवा, पंचेचाळीस म्हणालो मी! तुला नाही जमायचं, सरक!’

आणि ते निघाले. एका हातात फ्रेम, दुसऱ्या हातात गुण्या उंच धरलेला. डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. गाड्या थांबल्या. जाता जाता त्यांनी मला मागे न बघता सांगितलं, ‘गिऱ्हाईक आलं तर सांग, मालक समोर गेलेत.’

मी परत येऊन ‘उत्तम फ्रेमवाले आणि’च्या दारात उभा राहिलो. माझा फोन वाजला.

‘नाव काढलंस का?’ मालकीणबाई.

समोरून काकांचा आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू येत होता, ‘नाकू! ही काय पट्टी धरायची पद्धत आहे? नाकू, अंगठा, अंगठा कुठे तुझा?’

‘घरातून काढलंय, मॅडम,’ मी म्हणालो. ‘रस्त्यावर आलंय.’

‘म्हणजे काय? पेट्यांचं काय?’

तेवढ्यात जिन्यावरून काकू आल्या, त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. ‘अहो बाई, पेट्या चालू राहतील. अध्यक्ष ते आहेत, पण इमारत माझं ऐकते. फक्त एक. पुढच्या पेटीत वांगं पाठवायचं. नाकाचं. ते आधीचं आता समोर राहायला गेलं.’ त्यांनी जरा ऐकून घेतलं. ‘नाही नाही, मुलगा चांगला आहे. फक्त पोटाचं बघा त्याच्या.’

पुढचे तीन दिवस मी वांग्यांच्या क्रेटमध्ये होतो. त्या आठवड्यात सगळी वांगी गुळगुळीत आली. गोल, नेटकी, आज्ञाधारक. एकालाही नाक नाही.

‘काय शोधतोस रे?’ मावशींनी विचारलं.

‘नाक.’

‘तोंडाच्या वर बघ,’ मावशी म्हणाल्या आणि पेट्या भरत राहिल्या.

घरी दाजींनी नवीन माल आल्याचं सांगितलं. उंची जरा कमी आहे, म्हणाले, तुझ्या गुडघ्यांना बरी पडेल. मला भूक लागेना.

पेट्या निघायच्या दिवशी शेवटच्या क्रेटच्या तळाशी मला दोन वांगी सापडली. खरं म्हणजे एकच. कडेनं एकमेकांना चिकटून वाढलेली, एक मोठं, एक लहान, देठ एक आणि तोंडं दोन दिशांना. नाक नव्हतं. पण गाडी दारात उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी चिठ्ठी घेतली. बराच वेळ पेन धरून उभा राहिलो. मग लिहिलं, ‘आणि’. सुतळी बांधली, पेटी सरकवली आणि दिवसभर फोनकडे बघत बसलो. पाठ ताठ, गुडघे जुळवलेले.

फोन वाजला तेव्हा मालकीणबाईंनी तो माझ्यासमोरच ठेवला.

‘आणि कोणी ठेवलं?’ काका.

‘मी, काका.’

‘हे काय नाव आहे? आणि काय? आणि कोण?’

‘पुढचं तुम्ही ठेवा, काका.’

पलीकडे चिठ्ठी उलटीसुलटी केल्याचा आवाज आला. मागे काकू भांडी हलवत होत्या, आणि भांड्यांच्या आवाजात कोणीतरी पुरुषानं विचारलं, ‘सुरी कुठे असते आता?’ काकू म्हणाल्या, ‘तांदळात.’

‘सुतळी वाकडी बांधलीय,’ काका अखेर म्हणाले. ‘आणि अक्षर काय हे? ‘ण’ला पोट केवढं काढलंयस! चिठ्ठीचे कोपरे तरी एकसारखे कापता येतात का तुम्हाला? पुठ्ठ्याची पेटी एका बाजूला…’

मालकीणबाईंनी फोनवर हात ठेवून मला हळूच विचारलं, ‘काय म्हणतायत?’

‘नावं ठेवतायत, मॅडम.’

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. ‘मग ठेवू देत. तू सोमवारपासून कायम. आणि दर आठवड्याचा यांचा फोन तूच घ्यायचा.’

मी फोन कानाला लावला. काका अजून पेटीच्या डाव्या बाजूवरच होते.